कंगव्याचे दहा सेंटिमीटर

माझ्या सासऱ्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली आणि या काळात त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही, असं खात्याचं म्हणणं होतं. हे म्हणणं खात्याने त्यांच्या निवृत्तीनंतर सोळा वर्षांनी पितळी पाटीवर कोरून घेतलं होतं आणि येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ती पाटी समारंभपूर्वक त्यांच्या हाती द्यायची होती. सासूबाईंनी एकेचाळीस माणसांना फोन करून बोलावलं होतं. त्या दिवसासाठी घेतलेल्या नव्या चपला चावू नयेत म्हणून त्या आठवडाभर घरात घालून फिरत होत्या.

गुरुवारी संध्याकाळी सासरे आमच्याकडे आले आणि आपल्या हातून एक चूक झालेली आहे, असं त्यांनी दारातच जाहीर केलं.

बायकोने त्यांना आधी बसवलं, मग पाणी दिलं, मग मला खुणेने टीव्ही बंद करायला सांगितला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस घरी येऊन असं काही बोलला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय काय उभं राहतं. माझ्या डोळ्यांपुढे तर एक अख्खं दुसरं कुटुंब उभं राहिलं. त्यात माझ्याच वयाचा एक मेहुणाही होता आणि तो स्वभावाने बरा वाटत होता.

पण चूक कंगव्याची होती.

बावीस वर्षांपूर्वी एका शहराने जगातला सर्वात मोठा कंगवा बांधून पुरा केला. एका मर्यादेपलीकडे कंगवा बनवत नाहीत, बांधतात. तो मोजून दाखला द्यायला सासरे गेले होते. आता मापाच्या टेपचं असं असतं, की तिच्या टोकाचा पत्र्याचा हूक वापरून वापरून झिजतो, वाकतो. म्हणून मुरलेला निरीक्षक शून्यापासून मोजतच नाही. तो दहा सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजतो आणि जे येईल त्यातून दहा वजा करतो. खात्यात याला ‘दहावर धरणं’ म्हणतात. वजाबाकी झाली, की सासरे वहीत त्या आकड्याभोवती एक छोटं वर्तुळ काढत. समारंभात मांडण्यासाठी खात्याने त्यांच्या जुन्या वह्या मागवल्या, त्या देण्याआधी ते सहज चाळायला बसले, आणि कंगव्याच्या आठ मीटर शेहेचाळीस सेंटिमीटरभोवती त्यांना वर्तुळ दिसलं नाही.

“म्हणजे कंगवा दहा सेंटिमीटर लहान आहे,” मी म्हणालो. “असू दे की.”

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. सासऱ्यांनी माझ्याकडे अर्थशास्त्र शिकवणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. शेजारच्या शहरातही एक कंगवा आहे. तोही त्यांनीच त्याच आठवड्यात मोजला होता, वर्तुळासकट. तो आठ मीटर चाळीस आहे. म्हणजे गेली बावीस वर्षं पहिला दुसरा आहे आणि दुसरा पहिला, आणि या अंधेर नगरीवर सही त्यांची आहे.

“ही चूक निस्तरल्याशिवाय मी सोमवारी ती पाटी हातात घेणार नाही,” ते म्हणाले. “खोटी पाटी मी घरात लावायची? मी?”

बायकोने पत्राने कळवा म्हणून सुचवलं. पत्र सोमवारच्या आत पोचणार नव्हतं. मी खात्यालाच फोन करा म्हटलं. खातं फोनवर तक्रार घेतं, चूक घेत नाही, असं ते म्हणाले. दोन्ही कंगव्यांपर्यंत दीड दिवसाची वाट होती. शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघालो.

सासूबाई एका अटीवर आल्या होत्या. चौतीस वर्षं नवरा दौऱ्यावर जायचा आणि त्यांनी काय पाहिलं, तर त्याची बॅग. जाताना आणि येताना. तेव्हा हमरस्त्यावर प्रेक्षणीय स्थळाची जी जी तपकिरी पाटी दिसेल, तिथे गाडी थांबलीच पाहिजे. सासऱ्यांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. त्या रस्त्यावर किती पाट्या आहेत, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

पहिली पाटी जगातल्या सर्वात उंच खुर्चीची होती. खुर्ची सहा मीटर उंच होती आणि एका पेट्रोल पंपाच्या मागे चौथऱ्यावर उभी होती. तिच्या पायाशी एक रखवालदार उभा होता. सासूबाईंनी त्याला विचारलं, की बाबा रे, तू दिवसभर उभाच का? तो म्हणाला, खुर्चीवर बसायला मनाई आहे. मग स्वतःसाठी एक साधी खुर्ची मागून घ्यावी, असं सासूबाईंचं मत पडलं. ती त्याने मागितली होती. नऊ वर्षांपूर्वी अर्ज केला होता. ‘कामाच्या जागी खुर्ची उपलब्ध आहे’ असा शेरा मारून तो परत आला. बायकोने डिकीतलं घडीचं स्टूल देऊ केलं, तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. सरकारी मालमत्तेशेजारी खाजगी बसणं त्याला परवडणारं नव्हतं.

एवढ्यात सासऱ्यांनी खुर्ची मोजून टाकली होती. ती पाटीवर लिहिल्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त भरली. दरवर्षी रंगाचा एक हात देतात, त्याने वाढते, असं रखवालदाराने सांगितलं. त्याचा आवाज खुर्चीविषयी बोलताना घरातल्या वाढत्या मुलाविषयी बोलावं तसा झाला होता.

दुसरी पाटी एका चौकातल्या पुतळ्याची होती. पुतळा एका साध्या माणसाचा होता. उजवा हात लांब करून तो रस्ता दाखवत होता. खाली लिहिलं होतं, की पूर्वी एक फार मोठे गृहस्थ वाट चुकून या शहरात आले असता या नागरिकाने त्यांना रस्ता सांगितला. गृहस्थांचं नाव दिलेलं नव्हतं. ते कोण, यावरून शहरात तीन तट होते. समोरच्या दुकानातल्या सायकलवाल्याने खासगीत माहिती पुरवली, की सांगितलेला रस्ता चुकीचा होता. त्यामुळे ते मोठे गृहस्थ संध्याकाळी पुन्हा इथेच आले आणि त्यांना मुक्काम करावा लागला. शहराच्या इतिहासात घडलेली ती एकमेव गोष्ट.

“मग पुतळ्याचा हात तरी बरोबर दिशेला हवा होता,” सासरे म्हणाले.

सायकलवाला जरा दुखावला. इतिहासात फेरफार करणारं त्यांचं शहर नव्हतं. मी त्याला कंगव्याकडे जायचा रस्ता विचारला. त्याने उजवा हात लांब केला. आम्ही बावीस किलोमीटर गेलो, एका बंद फाटकाशी पोचलो आणि चार वाजता पुन्हा त्याच चौकात आलो. तो दुकानाबाहेर आमच्यासाठी चार खुर्च्या मांडून बसला होता. राहायची सोय त्याच्या मेहुण्याकडे होती.

रात्रभर सासरे कूस बदलत होते, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. सकाळी चहाला त्यांनी विचारलं, की या पुतळ्याला इतक्या वर्षांत कुणी हरकत कशी घेतली नाही. कुणीतरी तर म्हणायला हवं होतं, की हा माणूस चुकला. सायकलवाल्याचा मेहुणा म्हणाला, की चुकला म्हणून तर पुतळा झाला. बरोबर सांगणारे पुष्कळ होते, त्यांना कोण विचारतो. सासऱ्यांनी चहा अर्धा ठेवला.

त्यानंतर सासूबाईंना देशाच्या मध्यबिंदूची पाटी दिसली. पाटीच्या बाणाने गेलो, तर एका दुमजली इमारतीत दातांचा दवाखाना निघाला. देशाचा नेमका मध्य मोजणीत दंतवैद्याच्या खुर्चीखाली आला होता. तिथे पितळेचा बिल्ला बसवला होता, आणि तो बघायचा तर वेळ ठरवून यावं लागे. सासूबाईंनी नाव नोंदवलं. पाऊण तासाने त्यांना आत घेतलं आणि अर्ध्या तासाने त्या गालावर हात ठेवून बाहेर आल्या. “छान आहे,” त्या एका बाजूने म्हणाल्या. “खालची दाढ भरून घेतली.”

तेवढ्या वेळात दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या बाईंनी मला आणि सासऱ्यांना एक पत्र दाखवलं. मोजणी खात्याने सहा वर्षांपूर्वी फेरमोजणी केली होती, आणि मध्यबिंदू चार किलोमीटरवरच्या एका मोकळ्या शेतात निघाला होता. आधीच्या मोजणीत चूक झाल्याचं खात्याने स्वच्छ लिहून कळवलं होतं.

“मग?” सासरे पुढे झुकले. “तुम्ही काय केलंत?”

त्यांनी पत्र खणात ठेवलं होतं. शेतात कोण जाणार आणि तिथे दाढ कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं. सासऱ्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. खालची सही त्यांनी बोट फिरवून पाहिली. आपल्यासारखाच कुणीतरी एक, आणि त्याचं पत्र जाऊन पडलंय दातांच्या साच्यांमध्ये. गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातली सोमवारची निमंत्रणपत्रिका काढून ‘एकही चूक नाही’ या ओळीवर अंगठा दाबून धरला. सासूबाई अर्ध्या तोंडाने म्हणाल्या, की तुम्ही सोमवारी तिथे नाही म्हणालात, तर मी त्या एकेचाळीस जणांना काय तोंड दाखवू. त्यांचं तेव्हाचं तोंड पाहता प्रश्न रास्त होता.

दुपारी एकला पहिला कंगवा आला.

शहरात शिरल्यापासूनच ते पहिलं असल्याचं कळत होतं. केशकर्तनालयाचं नाव अव्वल, शिकवणीवर्गाचं नाव अव्वल, एवढंच काय, फुटलेल्या नळाखाली ठेवलेल्या बादलीवरही अव्वल. कंगवा लाकडी होता. चौथऱ्यावर आडवा ठेवला होता, दात वर करून, आणि लोक दातांच्या फटींमध्ये उभे राहून फोटो काढत होते. सासऱ्यांनी टेप काढली. टोक सासूबाईंनी धरलं. त्यांनी चष्मा पुसला, दहाची रेघ कडेला लावली आणि इतक्या घट्ट धरली, की बोटं पांढरी पडली. सासरे दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. ओणवले. पुन्हा ओणवले.

आठ शेहेचाळीस. दहा वजा. आठ छत्तीस.

त्यांनी वहीत आकडा लिहून भोवती वर्तुळ काढलं. आपलं म्हणणं खरं निघाल्याचं त्यांना थोडं तरी बरं वाटेल, असा माझा अंदाज होता. पण ते चौथऱ्याच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ दातांकडे बघत राहिले.

कंगव्याची व्यवस्था बघायला एक बाई नेमलेल्या होत्या. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर सासऱ्यांनी दिलेला दाखला चौकटीत लावलेला होता. सासऱ्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. दहावर धरणं, वजाबाकी, वर्तुळ. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक कोरा फॉर्म पुढे ओढला.

“म्हणजे कंगवा दहा सेंटिमीटरने झिजला,” त्या म्हणाल्या.

“झिजला नाही. तो पहिल्यापासून तेवढाच आहे. मी चुकलो.”

“साहेब, दाखल्यावर आठ शेहेचाळीस आहे. दाखला सरकारी आहे, खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही आहे.”

“ती सही माझीच आहे.”

“मग तुम्हीच तुमच्या सहीवर अविश्वास दाखवायचा?” बाईंचा आवाज मायेचा होता. “तुमचं काही चुकलेलं नाही, साहेब. कंगवा चुकला. आम्ही त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.”

त्यांनी फॉर्मवर ‘झीज – दहा सें.मी. – कारण: ऊन’ असं लिहिलं आणि दुरुस्तीच्या यादीत टाकलं. इतक्या वर्षांत झीज फक्त दहाच, म्हणजे देखभाल उत्तम, असंही त्या म्हणाल्या, आणि तेही लिहिलं. सासऱ्यांनी दाखला परत मागितला. तो भिंतीत पक्का केलेला होता. काढायचा तर भिंत पाडायला हवी होती, आणि भिंत पुरातत्त्वाच्या यादीत होती, कारण तिच्यावर तो दाखला होता.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “बाबा, झालं ना आता? तुम्ही सांगितलंत. तुमच्या बाजूने संपलं.”

“सांगितलं,” ते म्हणाले. “घेतलं कुठे कुणी?”

दुसरं शहर तासाभरावर होतं. तिथे ज्यांचं नुकसान झालं ती माणसं राहत होती. ती तरी चिडतील, अशी सासऱ्यांना आशा होती. वाटेत त्यांनी केस विंचरले.

वेशीवर पाटी होती : ‘जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कंगवा. सावकाश या.’ शहर स्वच्छ होतं. लोक ओट्यांवर बसून गप्पा मारत होते. शाळेच्या फळ्यावर दुसऱ्या आलेल्या विद्यार्थ्यांची नावं लिहिली होती. पहिल्या आलेल्याचं नाव नव्हतं. त्याच्या आईवडिलांना समजावायला शिक्षक घरी जाऊन आले होते, असं आम्हाला पुढे कळलं. पेशाने सुतार असलेले नगराध्यक्ष कचेरीत पाटाला रंधा मारत होते. सासऱ्यांनी नाव सांगताच त्यांनी रंधा ठेवला, हात पुसले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

“ते साहेब तुम्ही?”

मग त्यांनी माणसं बोलावली. आठ-दहा जण जमले. आम्हाला बसवलं, आणि सासरे तोंड उघडणार तोच नगराध्यक्षांनी सांगायला सुरुवात केली. दोन शहरांत अकरा वर्षं कंगव्यावरून चढाओढ होती. तिकडे एक दात वाढला, की इकडे दोन. शाळेच्या छपराच्या तुळया गेल्या, पुलाच्या फळ्या गेल्या, शेवटी शेवटी तर लोकांच्या दारांना हात लागला. त्यांची स्वतःची बहीण त्या शहरात दिलेली होती. तीन वर्षं माहेरी आली नव्हती, कारण आली की भाऊ विचारायचा, तिकडे किती झाला.

“मग तुम्ही आलात, मोजलंत आणि लिहून दिलंत. आम्ही हरलो. साहेब, त्या रात्री आख्खं शहर झोपलं. दारं नव्हती, तरी झोपलं.”

सासरे खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. माघारी फिरायला ती वेळ चांगली होती आणि बायकोने त्यांच्या बाहीला हात लावलासुद्धा. पण माणूस चौतीस वर्षांत एकदाच चुकलेला असला, की त्याला चूक लपवायची सवय नसते.

“तुम्ही हरलेला नाहीत,” ते म्हणाले. “तुम्ही पहिले आहात. चार सेंटिमीटरने.”

एका म्हाताऱ्याने उठून दार लावलं, दुसऱ्याने खिडकी. बातमी मरणाची असती तरी यापेक्षा बरी घेतली असती. सासऱ्यांनी टेप, दहा, वर्तुळ, सगळं पुन्हा सांगितलं. मागे बसलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई हळूच रडायला लागल्या.

“हे आणखी कुणाला सांगितलंत?” नगराध्यक्षांनी विचारलं.

सासऱ्यांनी तिकडच्या बाईंचं सांगितलं. तिने झीज लावली हे ऐकून सगळ्यांचा श्वास जरा खाली बसला. बाई शहाणी आहे, असं एकमत झालं. ती नगराध्यक्षांची भाची होती.

“साहेब, आमच्यावर उपकार करा. मोजलंच नाही असं समजा.”

“मी खोट्यावर सही केलीय. तुम्ही दुसरे आहात, असं मी लिहून दिलं आणि ते खरं नाही. हे असंच सोडून मी सोमवारी स्टेजवर जाऊन पाटी कशी घेऊ?”

नगराध्यक्षांनी विचार केला. सुताराचा विचार तो, मापापाशी येऊन थांबला. “आम्ही दुसरे आहोत हे खरं असतं,” ते सावकाश म्हणाले, “तर तुमची सही खरी झाली असती?”

“क्रमापुरती, हो.”

“तो तिकडचा किती म्हणालात?”

“आठ छत्तीस.”

नगराध्यक्ष आतून करवत घेऊन आले.

पुढचा तास मी कुणाला सांगितला तर तो विश्वास ठेवत नाही, म्हणून सांगत नाही, फक्त लिहितो. सगळं शहर चौथऱ्याभोवती उभं होतं. कुठे कापायचं, ती रेघ सासऱ्यांनी मारायची होती. चौतीस वर्षं वस्तू बघून आकडा लिहिलेला माणूस तो. आकडा ठेवून वस्तू बदलणं त्याच्या शिक्षणात नव्हतं. पेन्सिल हातात घेऊन ते इतका वेळ उभे राहिले, की एकाने त्यांना पाणी आणून दिलं. अखेर बायको म्हणाली, “बाबा, मारा रेघ. माणसं खोळंबलीत.” त्यांनी रेघ मारली. पाच सेंटिमीटर. नगराध्यक्षांनी करवत लावली आणि कंगव्याच्या शेवटच्या दाताची जाडी सुमारे अर्ध्याने कमी झाली. सासऱ्यांनी पुन्हा मोजलं, दहावर धरून, वजाबाकी मोठ्याने म्हणून.

“आठ पस्तीस,” ते म्हणाले.

एका सेंटिमीटरने हरल्याच्या आनंदात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसून सासूबाईंना मिठी मारली, आणि भरलेल्या दाढेला धक्का लागला.

परतीच्या वाटेवर आम्ही कुठेही थांबलो नाही. एक तपकिरी पाटी आली, ‘जगातलं सर्वात लांब कुंपण’. सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि “जाऊ दे, कुंपण गाडीतूनही दिसतंय,” म्हणाल्या. ते चौदा किलोमीटर दिसत राहिलं. ते संपल्यावर सासरे म्हणाले, “क्रम दुरुस्त झाला. चूक होती तिथेच आहे.” रविवारी आम्ही घरी पोचलो.

सोमवारी सभागृह भरलेलं होतं. मुख्य अधिकाऱ्यांनी भाषणात चौतीस वर्षांचा आढावा घेतला. पाटी पुढे केली. सासऱ्यांनी हात मागे घेतले आणि ध्वनिक्षेपकापाशी गेले.

“या पाटीवर लिहिलंय ते बरोबर नाही,” ते म्हणाले. “माझ्या हातून एक चूक झाली आहे.”

सभागृहात टाळ्या पडल्या. त्यांनी हाताने थांबवलं. आपण विनय दाखवत नाही, चूक खरोखरची आहे, कंगव्याची आहे, दहा सेंटिमीटरची आहे, असं त्यांनी सांगितलं. कंगवा म्हटल्यावर हशा झाला. तारीख, माप, वजाबाकी सांगितल्यावर तर लोक उठून उभे राहिले. मुख्य अधिकाऱ्यांनी डोळ्यांच्या कडा टिपल्या. आजकालची माणसं मीटरमीटरच्या चुका पोटात घालून निवृत्त होतात आणि इथे एक माणूस दहा सेंटिमीटरचा दोष स्वतःकडे ओढून घेतोय, असं ते म्हणाले. मग त्यांनी सासऱ्यांचे दोन्ही हात धरून त्यांत पाटी कोंबली. पाटी चार किलोची होती. सोडली असती, तर पायावर पडली असती. फोटो निघाला.

घरी जाताना पाटी गाडीच्या मागच्या सीटवर सासरे आणि सासूबाई यांच्या मध्ये होती. मला आरशात सासऱ्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. माणूस एकदम खूप म्हातारा कसा दिसतो, ते मी पहिल्यांदाच बघत होतो. सासूबाईंनी नव्या चपला पायातून काढल्या आणि म्हणाल्या :

“चूक झालीय तुमची.”

सासऱ्यांनी मान वळवली.

“मी स्वतः टेप धरली होती. दहावर. शेहेचाळीस आलं, त्यातून दहा गेले. तुम्ही तेव्हा वजाबाकी विसरलात. एवढ्या मोठ्या साहेबाने पहिलीतल्या पोरासारखी चूक केली.”

“हो,” सासरे म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “हो. तेच तर मी सगळ्यांना सांगतोय.”

“सगळ्यांना कशाला सांगायचं? मला विचारायचं. आणि ही काही पहिली नाही.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी गाडी हळू केली.

“पहिली नाही?” सासरे ताठ बसले.

“कपाट. माप घेऊन बनवायला टाकलंत आणि ते दारातून आत जाईना. चार वर्षं जिन्यात होतं. वरच्या मजल्यावरचे लोक त्यात छत्र्या ठेवायचे.”

“दाराचं माप घेतलं होतं मी.”

“घेतलं होतंत. दार उघडल्यावर ते स्वतः किती जागा अडवतं, ते घेतलं नव्हतंत.”

सासऱ्यांनी डोळे मिटून ते दार बघितलं असावं. “मान्य,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं. “पुढे?”

“हिच्या शाळेचा पहिला दिवस. तुम्ही हिला घेऊन गेलात आणि शाळा दुसऱ्या दिवशी होती.”

“मान्य. साल कोणतं?”

सासूबाईंनी साल सांगितलं. मग सालवार सगळंच सांगायला घेतलं. वाढदिवसाला आणलेली दोन नंबर मोठी चप्पल, उलटं लावलेलं खिडकीचं दार, त्यांच्या बहिणीला दुसऱ्याच गाडीत बसवून दिलेलं ते. सासरे एकेक गोष्ट नीट ऐकून घेत होते, कुठे एखादा तपशील विचारत होते, आणि दोन ठिकाणी त्यांनी हरकत घेऊन पुरावा मागितला. पुरावा तयार होता. मधेच सासूबाई म्हणाल्या, की जावई निवडताना तुम्ही अर्ध्या तासात हो म्हणून मोकळे झालात, आणि मी आरशातून बघतोय हे पाहून, “त्याचं काय ते अजून ठरलेलं नाही,” अशी पुस्ती जोडली.

आमची गल्ली आली. घरापुढे मी गाडी उभी केली, पण मागे कुणी हललं नाही.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “अजून एक चक्कर घ्या. आम्ही लग्नाच्या सहाव्याच वर्षात आहोत.”